गाडी एकदा मारते

डॉक्टर खासनिसांचा हात मी पहिल्यांदा पाहिला तो एका म्हाताऱ्याच्या थोबाडीत बसताना.

त्यांच्या शिरूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून मी नुकतीच लागले होते. नगरला शिकून आलेली, नव्या कोऱ्या पांढऱ्या साडीतली, आणि आपण आता लोकांचे डोळे पुसणार अशा गोड समजुतीतली. सकाळीच कुणीतरी सायकल मारत आला आणि घोडनदीच्या पुलाच्या अलीकडे ट्रकनं बैलगाडी उडवल्याचं सांगून गेला. डॉक्टर निघाले, त्यांच्यामागे कंपौंडर हुसेनभाई, त्यांच्यामागे मी. हुसेनभाईंच्या डोक्यावर माणसाएवढी एक लांब फळी होती. ती कशाला, हे विचारायला सवड नव्हती, कारण डॉक्टर चालत नसत, पळत असत.

रस्त्यावर माणसांचं कडं झालं होतं. मध्ये कवठे येमाईचा एक तरणा मुलगा पडला होता, लग्नाची हळद अजून उतरायची होती त्याची. पोटावरून चाक गेलं होतं. तो "पानी, पानी" करत होता आणि त्याचा बाप तांब्या घेऊन त्याच्या ओठांशी वाकला होता. डॉक्टरांनी गर्दी फोडली, तांब्या लाथेनं उडवला आणि म्हाताऱ्याच्या एक ठेवून दिली.

"पाणी पाजतोस? आता पोटात पाणी गेलं तर मी याला भूल कशी देऊ? तुझ्या हातानं मारतोस त्याला?"

कडं मागं सरलं. म्हातारा गाल धरून बघत राहिला. डॉक्टरांनी फळी मुलाच्या शेजारी लावली, चौघांना चार जागा दिल्या, मान, खांदे, कंबर, पाय, आणि एका हाकेसरशी त्याला लाकडाच्या ओंडक्यासारखा एकसंध फळीवर घेतला. मुलगा पाणी मागतच होता. दवाखान्यापर्यंत मागत होता. त्याला कुणी दिलं नाही.

ट्रकचे मालक मारुतराव पाठोपाठ आले. परीटघडीची टोपी, गावात शब्दाला वजन, बागायती जमीन, शिवाय दोन ट्रक. "डॉक्टरसाहेब, जरा मिटवामिटवीचं बघा. ड्रायव्हर माझा गरीब हाय," असं त्यांनी दारातच सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, "आत या. चपला काढा. पाय धरा त्याचे." मारुतरावांना वाटलं, मुलाच्या पाया पडायला सांगतायत. पण डॉक्टरांना खरोखरच पाय धरायला माणूस हवा होता. त्यांनी पोट उघडलं आणि मारुतरावांना तोंड फिरवू दिलं नाही. दुसरीकडे बघितलं की ओरडायचे, "इकडं! तुमच्या गाडीचं काम आहे, नीट बघा." मुलगा टेबलावरच गेला. मारुतरावांनी हात काढले, तर डॉक्टर म्हणाले, "धरून ठेवा. गार पडतात कसे ते कळू दे." मी नर्स असून भिंतीला टेकले होते. मारुतराव बाहेर जाऊन पायरीवर ओकले.

असा हा माणूस. गावात त्यांना 'कसाई डॉक्टर' म्हणत, आणि मला वाटतं, त्यांना ते आवडत असावं. ब्रह्मदेशच्या लढाईत लष्करी डॉक्टर होते म्हणे. लग्न केलं नव्हतं. खाकी अर्धी चड्डी, पायात जाड बूट, शर्टाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. रोग्याची जखम धूत असताना एकेक दाणा तोंडात टाकायचे, त्यामुळे नवख्या माणसाला भोवळ यायची. जिभेला हाड नव्हतं. पण त्यांचा सगळा राग एका गोष्टीवर होता. रस्त्यावर पडलेल्या माणसाचं आपली माणसं काय करतात, यावर.

काय करतात, हे मीही लहानपणापासून पाहिलं होतं आणि त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. कुणी पडलं की आधी त्याला उठवून बसवायचं. तोंडात पाणी घालायचं. कांदा फोडून नाकाशी धरायचा. मग दोघांनी बगलेत, दोघांनी पायाला धरून झोळीसारखा उचलायचा आणि मिळेल त्या गाडीत कोंबायचा. सगळं मायेनं, सगळं धावत. डॉक्टर म्हणायचे, "गाडी माणसाला एकदा मारते. राहिलेलं माणसं पुरं करतात."

नगर रस्ता तेव्हा नुकता डांबरी झाला होता. बैलगाड्या आपल्या जुन्या सवयीनं मधोमध चालत आणि ट्रक आपल्या नव्या मस्तीत. माणूस जिथे पडला असेल तिथे डॉक्टर बादलीभर चुना घेऊन जायचे आणि डांबरावर त्याची आकृती काढायचे, हातपाय पसरलेली, पांढरी. डोंगराएवढं ओझं घेऊन चाललेल्या बायाही ती आकृती टाळून वळसा घालायच्या. वढूच्या समाधीला निघालेली माणसं तिथे थांबून हात जोडायची. डॉक्टर चिडायचे. "हात जोडू नका, हात आवरा!"

आणि त्यांची ती प्रश्नोत्तरं. कुठल्याही रोग्याला औषधाची बाटली हातात देण्याआधी ते विचारायचे, "पडलेला दिसला तर?" रोग्यानं म्हणायचं, "हात न्हाई लावायचा." "पाणी?" "न्हाई पाजायचं." "मग?" "फळी आनायची." एखादी बाई पोराचा कान फुटला म्हणून आलेली असायची, तिलाही सुटका नव्हती. एकदा एक आजोबा अडखळले तर त्यांना डॉक्टरांनी उन्हात उभं केलं आणि पाठ झाल्यावरच खोकल्याचं औषध दिलं. मी हुसेनभाईंना म्हणाले, "हे काय, शाळा आहे का?" हुसेनभाई हसून म्हणाले, "शाळाच हाय बाई. इथं नापास झाला त्यो डायरेक मसनात."

त्या मुलाचा बाप, आबा म्हणत त्याला सगळे, पुढच्या बाजारच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीशी आला. मला वाटलं, भांडायला आला. त्यानं पाण्यानं भरलेला पितळी तांब्या पायरीवर ठेवला.

"पोराचं हाय. राह्यलं व्हतं," एवढंच बोलला आणि गेला.

मग दर बाजारी येऊ लागला. कधी एक शब्द जास्त नाही. संध्याकाळी परत जाताना तांब्या उचलून न्यायचा. डॉक्टर तो तांब्या आत नेऊन आपल्या टेबलावर ठेवायचे, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की बाजारच्या दिवशी तांब्या जाईपर्यंत ते पाणी पीत नाहीत. चैत्रात, उकाड्यात, घसा खरवडून निघाला तरी नाही. चहा पुढे केला तर हातानं बाजूला सारत. मला तेव्हा त्यांच्याबद्दल जरा बरं वाटलं. त्या भरात एक दिवस मी बोलून गेले, "तुमचा काय दोष डॉक्टर? पाणी दिलं असतं तर मेला असता ना तो."

"तो मरणारच होता," डॉक्टर म्हणाले. "बघताक्षणी कळलं होतं मला."

मला कळेचना. "मग दोन घोट पाजू द्यायचे होते त्याच्या बापाला!"

"आणि ती बघणारी माणसं? त्यांना काय दिसलं असतं? की डॉक्टरसुद्धा पाजू देतो." शेंगदाण्याचं साल फुंकून ते म्हणाले, "पुढचा वाचणारा असेल, बाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मरणाऱ्या पोराला तहानलेलं ठेवायचं, ते गर्दीला धडा म्हणून! मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. त्या दिवशीचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, आणि ते चुकले होते असं छातीवर हात ठेवून मला आजही म्हणता येत नाही. याचीच मला त्यांना कधी क्षमा करता आली नाही.

मारुतरावांचं मात्र नवल घडलं. ते पाय धरून उभे राहिल्यापासून त्या माणसाचं काहीतरी फिरलं. डॉक्टरांचं नाव काढलं की कानाला हात लावणारे मारुतराव डॉक्टरांच्या मागे सावलीसारखे हिंडू लागले. रस्त्याकडेच्या प्रत्येक हॉटेलात, चावडीत, पिठाच्या गिरणीत एकेक फळी ठेवायची, हे डॉक्टरांचं स्वप्न मारुतरावांनी पुरं केलं. स्वतःच्या शेतातली बाभळ तोडून फळ्या करून घेतल्या. आपल्या ड्रायव्हरांना गाडीची किल्ली देण्याआधी ते स्वतः विचारू लागले, "पडलेला दिसला तर?" भाषणात तर असे रंगायचे की डॉक्टर बाजूला बसून दाणे खात राहायचे. कुणी वाद घातला तर मारुतराव म्हणायचे, "मी पाय धरल्यात. मला इचारा."

एवढ्यानं देश सुधारणार नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांचं म्हणणं, गाडी चालवायचं लायसन देतानाच हा धडा घ्या. साऱ्या देशात. ज्याला पडलेला माणूस उचलता येत नाही त्याला गाडी देऊ नका. त्यासाठी त्यांनी दिल्लीकडे अर्जांचा सपाटा लावला. दौंडहून मनमाडमार्गे रेल्वेनं ते एकदा दिल्लीला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदेला गेले, ते फळी घेऊनच. टीसीनं हटकलं तर त्याला डब्यात आडवं करून दाखवलं म्हणे. परिषदेत मोठमोठे सर्जन नव्या पद्धतीची शिवण, नव्या प्रकारची भूल यावर बोलत होते. आमचे डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही ज्याला शिवता तो रस्त्यावरच फाटलेला असतो, आणि फाडणारी गाडी नसते." लोक हसले. ते परत आले तेव्हा मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चहा चांगला होता."

पण कुणीतरी ऐकलं असावं. वर्षभरानं दिल्लीहून तीन साहेब प्रात्यक्षिक बघायला शिरूरला आले. बाजारचा दिवस धरला होता, गर्दी हवी म्हणून. हुसेनभाईंनी अपघातग्रस्त व्हायचं, कपाळाला लाल औषध फासून रस्त्यावर पडायचं, आणि मारुतरावांच्या तयार माणसांनी फळी घेऊन यायचं, असा बेत. हुसेनभाई झकास पडले. पण फळीवाले येण्याआधीच कवठ्याकडून बाजाराला आलेली, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं अशी माणसं धावली. "कंपौंडर पडला! आरं, कंपौंडर पडला!" एका म्हातारीनं हुसेनभाईंच्या तोंडात पाणी ओतलं. चौघांनी हातापायाला धरून त्यांना उचललं.

"सोडा, आरं सोडा, नाटक हाय!" हुसेनभाई ओरडत होते.

"बडबडाय लागला. डोस्क्याला मार हाय," उचलणारे म्हणाले आणि आणखी जोरात पळाले.

साहेबलोक पोट धरधरून हसले. मारुतराव हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हुसेनभाईंना दवाखान्याच्या अंगणात खाली ठेवायला लावलं आणि म्हणाले, "हुसेन, तू मेलास. पडून राहा." आणि त्यांच्यावर पांढरी चादर ओढली, तोंडासकट.

हुसेनभाईंना वाटलं, घटकाभराचा खेळ आहे. पण डॉक्टरांनी त्यांना उन्हात तसंच पडू दिलं. हलले की म्हणायचे, "मेलेला हलत नाही." बाजारातली माणसं येऊन बघू लागली. जे उचलून पळाले होते ते चौघे समोर बसवले होते, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात कुणी वस्तीत जाऊन काय सांगितलं देव जाणे, हुसेनभाईंची बायको जुबेदा धावत आली. चादर बघून तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून दिल्लीच्या एका साहेबानं टोपी काढली आणि त्याचं हसू गेलं ते गेलंच. हुसेनभाई चादर फेकून उठले. जुबेदानं डॉक्टरांना पदर पसरून शिव्याशाप दिले. "तुमालाबी कळंल एक दिवस, डाक्टर!" डॉक्टर त्या साहेबाकडे वळून शांतपणे म्हणाले, "घरी खबर जाते, ती अशी जाते. हे लिहा."

त्या साहेबानं खरंच लिहिलं. पावसाळा सरल्यावर दिल्लीचं बोलावणं आलं. लायसनच्या नियमांची बैठक होती आणि त्यात खासनिसांचा धडा घ्यायचा की नाही, हे ठरणार होतं. डॉक्टरांनी त्या दिवशी मला शेंगदाणे दिले. तेवढी एकच वेळ.

मारुतरावांना आभाळ ठेंगणं झालं. आपल्या जीपमधून डॉक्टरांना दौंड स्टेशनावर पोचवायचा मान त्यांनी मागून घेतला. ड्रायव्हर, मारुतराव, डॉक्टर आणि सामान सांभाळायला हुसेनभाई. चादरीचं प्रकरण हुसेनभाईंनी मनात ठेवलं नव्हतं, जुबेदानं ठेवलं होतं. पुढचं मला हुसेनभाईंनी सांगितलं, एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारू नका म्हणाले.

न्हावऱ्याच्या पुढे जीपचा टायर फुटला आणि ती उलटली. मारुतरावांना आणि ड्रायव्हरला नुसतं खरचटलं. हुसेनभाईंचा पाय गाडीखाली अडकला. डॉक्टर बाहेर फेकले गेले आणि मातीत उताणे पडले. शुद्धीवर होते. आवाज खणखणीत होता. "हुसेन," ते म्हणाले, "मान दुखते आहे. पाठीत आहे काहीतरी. पण बोटं हलतायत. बूट बघ माझा." हुसेनभाईंनी पाहिलं. बूट हलत होता. "कुणी हात लावू नका. फळी आणा," डॉक्टर म्हणाले.

न्हावऱ्याच्या गिरणीत फळी होती. मारुतरावांनीच ठेवलेली. पण आजूबाजूच्या शेतांतून माणसं धावत आली, आणि बातमी झाली, डॉक्टर पडले, शिरूरचे डॉक्टर मातीत पडले. जो तो हळहळायला लागला. मारुतराव रडत होते. त्यांना धडा पाठ होता, हजारदा लोकांकडून वदवून घेतला होता. पण धडा पडलेल्या माणसासाठी होता. डॉक्टरांसारखा माणूस धुळीत लोळतोय आणि आपण उभ्यानं बघतोय, हे त्यांना सोसेना. लोक काय म्हणतील? "आसं मातीत ऱ्हाऊ द्यायचं व्हय सायबांना?" म्हणत त्यांनी डॉक्टरांच्या बगलेत हात घातले. आणखी चौघे सरसावले, मान तर सगळ्यांनाच हवा होता. हुसेनभाई गाडीखालून ओरडत होते, "बसवू नका! मारुतराव, बसवू नका!" डॉक्टर ओरडत होते. त्यांना उठवून बसवलं. मारुतरावांनी त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि मायेनं तोंडावर पाणी फिरवलं.

"मंग बूट हालायचा थांबला," हुसेनभाई म्हणाले.

दिल्लीची बैठक झाली. डॉक्टर हजर नसल्यानं तो विषय पुढच्या खेपेवर टाकला. ती खेप माझ्या माहितीत तरी आली नाही.

डॉक्टरांना दौंडला बहिणीकडे ठेवलं. मेहुणे रेल्वेत गार्ड, कॉलनीत क्वार्टर. मी भेटायला गेले तेव्हा ते पुढच्या खोलीत उताणे होते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, नजर आढ्याला. छातीखालचं अंग त्यांचं राहिलं नव्हतं. आवाज तेवढा तसाच. "बाई, वजन कमी झालंय तुमचं. दवाखाना कोण लुटतंय?" त्यांनी विचारलं. खिडकीबाहेर इंजिनं शंटिंग करत होती आणि घर हादरत होतं.

बहिणीनं, माईंनी, मला आत नेऊन हात धरले. "मारुतराव येतायत आज. दर आठवड्याला येतात बिचारे, मोसंबी घेऊन. गावानं त्यांचा सत्कार केला हो, डॉक्टरांना वाचवलं म्हणून. याला म्हणावं, त्यांना काही बोलू नकोस. झालं ते झालं."

"आजवर बोलले नाहीत?"

"नाही. पण कालपासून विचारतोय, कधी येणार म्हणून."

मारुतराव आले. टोपी, मोसंब्यांची पिशवी, डोळ्यांत तेच प्रेम. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. "कसं हाय आता, डॉक्टरसाहेब? गावात समदे म्हंत्यात, मारुतराव, तुमी व्हता म्हून डॉक्टर वाचले. म्या म्हनलं, आपल्या देवमानसाला मातीत पडू दीन व्हय मी!"

डॉक्टर आढ्याकडे बघत म्हणाले, "मारुतराव, पडलेला दिसला तर?"

मारुतराव हसले. लहान मुलासारखे सरसावून म्हणाले, "हात न्हाई लावायचा."

"बसवायचा?"

"न्हाई बसवायचा."

"मी पडलो तेव्हा माझी बोटं हलत होती. हुसेननं बूट हलताना पाहिलाय, त्याला विचारा. गाडीनं माझे पाय नेले नाहीत, मारुतराव. तुम्ही नेलेत."

माईंनी तोंडाला पदर लावला. मारुतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. मी डॉक्टरांच्या कानाशी वाकून रागानं म्हणाले, "काय मिळालं हे सांगून? का सांगितलंत?"

"सत्कार झालाय त्याचा," डॉक्टर म्हणाले. "नाही सांगितलं तर तो पुढच्यालाही उचलेल." आणि आवाज चढवून, "मारुतराव, आता सांगा. पडलेला दिसला तर?"

मारुतरावांनी मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली. मग कसंबसं म्हणाले, "हात... न्हाई लावायचा."

"कुणीही असला तरी?"

"कुनीबी... असला तरी."

"जा आता."

ते गेले नाहीत. टोपी काढली, गुडघ्यांवर बसले आणि पलंगाच्या कडेवर आलेल्या त्या दोन बारीक पावलांवर त्यांनी कपाळ टेकलं. दोन्ही हातांनी घट्ट धरली ती. टोपीचा बोळा तोंडात कोंबला होता, आवाज बाहेर येऊ नये म्हणून, आणि पाठ गदगदा हलत होती. पावलं भिजली. माई भिंतीला टेकून बघत होत्या. मीही बघत होते.

डॉक्टरांची नजर आढ्यावरच होती.

"गेला का तो?" त्यांनी मला विचारलं.